परसातील तामण : ओळख, लागवड व जोपासना

गोव्यातील घराचे अंगण सहसा उघडे-बोडके आढळत नाही. दर्शनी बाजूस तुळशीवृंदावन, त्याच्या कडेने जास्वंद, अबोली व मोगरी, मागल्या परसात दोन-चार माड, एखादा फणस, आंब्याचे झाड आणि विहिरीचे सांडपाणी जिथे वाहते तिथे केळी, असा हा पूर्वापार चालत आलेला परिपाठ आहे. या मांडणीत मोठा वृक्ष लावायचा तो फळासाठी, आणि फुलासाठी लावायचे ते झुडूप, असा एक अलिखित संकेत दिसून येतो. केवळ फुलांसाठी वाढवलेला मोठा वृक्ष ही त्या मानाने अलीकडची हौस होय. नवीन पद्धतीची घरे बांधली जाऊ लागली, अंगणाला कुंपणाची भिंत व फाटक आले आणि फाटकाशी एखादे शोभेचे झाड असावे असे घरधन्यास वाटू लागले.

ही हौस स्वागतार्ह आहे. परंतु ती पुरी करताना बहुधा जे झाड सर्वात लवकर वाढते तेच निवडले जाते, आणि ते भिंतीपासून दोन-तीन हातांवर लावले जाते. गुलमोहर हे याचे ठळक उदाहरण. मूळ मादागास्कर बेटावरील हा वृक्ष देखणा आहे यात शंका नाही. मात्र त्याची मुळे जमिनीच्या वरच्या थरात लांबवर पसरतात, लाकूड ठिसूळ असते आणि माथा आडवा वाढतो. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले, त्या वेळी असंख्य झाडे घरांवर, रस्त्यांवर व वीजवाहिन्यांवर कोसळली आणि अनेक गावे अंधारात राहिली. अशा प्रसंगानंतर लोकांचा कल एकदम दुसऱ्या टोकाला जातो. घराजवळ झाडच नको, असे म्हटले जाते व उभी झाडे तोडली जातात. वस्तुतः दोष झाड असण्याचा नसतो; तो झाडाच्या व जागेच्या निवडीचा असतो. रोप लावणे हे घटकाभराचे काम आहे, पण त्याची जागा ठरवणे हा पन्नास वर्षांचा निर्णय आहे. ही गोष्ट ध्यानी धरून, आपल्याच मातीत वाढणाऱ्या तामण या फुलझाडाची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

ओळख

तामण किंवा ताम्हण हा मध्यम ते मोठ्या आकाराचा पानझडी वृक्ष आहे. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, कोकण, गोवा व कारवारच्या पट्ट्यात ओहोळांच्या व नद्यांच्या काठाने तो आपोआप वाढलेला दिसतो. पूर्वेस बंगाल, आसाम व ब्रह्मदेशापर्यंत त्याचा प्रसार आहे. रानात तो वीस मीटरपर्यंत उंच होतो. परसात मात्र दहा ते पंधरा मीटरांपलीकडे सहसा जात नाही. साल करडी, बरीचशी गुळगुळीत असून तिचे पातळ पापुद्रे निघतात. पाने लांबट, टोकदार व एकमेकांसमोर किंवा जवळजवळ समोरासमोर येणारी असतात. थंडीच्या अखेरीस ती गळण्यापूर्वी तांबूस होतात, आणि काही आठवडे झाड पर्णहीन राहते.

चैत्र-वैशाखात नवी पालवी फुटते व तिच्या पाठोपाठ फांद्यांच्या टोकांना फुलांचे मोठे तुरे येतात. फूल दोन ते तीन इंच व्यासाचे, रंगाने जांभळे किंवा गुलाबीसर जांभळे असते. पाकळ्या बहुधा सहा. प्रत्येक पाकळीला देठासारखा बारीक पाया असतो व तिच्या कडा चुणीदार, हातात चुरगाळून सोडलेल्या तलम कापडासारख्या दिसतात. मध्यभागी पिवळ्या पुंकेसरांचा दाट झुपका असतो. तुऱ्यातील फुले खालून वर उमलत जातात आणि जुनी फुले फिकट होत जातात. त्यामुळे एकाच तुऱ्यात खाली फिकी, मध्ये गडद व टोकाला मिटलेल्या कळ्या असा क्रम पाहावयास मिळतो. मुख्य बहर एप्रिल ते जून या काळात असतो. काही झाडांना पावसाळ्यात पुन्हा थोडा बहर येतो. सुगंध मात्र जवळजवळ नाही, हे आधीच सांगणे योग्य. सुवासासाठी लावायचे असेल तर बकुळ, सुरंगी वा सोनचाफा निवडावा.

फुलानंतर गोलसर, कठीण सालीची बोंडे धरतात. ती पिकून तपकिरी झाली की सहा भागांत उकलतात आणि आतील पंखयुक्त हलके बी वाऱ्यावर दूर जाते. रिकामी बोंडे पुढे कित्येक महिने झाडावर तशीच राहतात. फुले नसतानाही झाड ओळखण्याची ही सोपी खूण होय.

नावांविषयी थोडे

या झाडाला मराठीत मोठा बोंडारा असेही म्हणतात. हिंदी-बंगालीत ते जारूळ, तर कन्नडमध्ये होळे दासवाळ, म्हणजे नदीकाठची जास्वंद, या नावाने ओळखले जाते. हे कन्नड नाव झाडाचा स्वभाव नेमका सांगते. त्याला पाणी आवडते. महाराष्ट्राने या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे.

वनस्पतिशास्त्रातील त्याचे नाव लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओजा असे आहे. यातील पहिला भाग स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअस याने अठराव्या शतकात आपला मित्र लॅगरस्ट्रोम याच्या नावावरून दिला. पूर्वेकडील वनस्पतींचे नमुने हा मित्र त्याला मिळवून देत असे. परंतु त्याच्याही आधी, १६७८ ते १६९३ या काळात बारा खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात हे झाड चित्रासह आलेले आहे. त्या ग्रंथाच्या रचनेत रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तिघा कोंकणी वैद्यांचा मोठा वाटा होता, आणि त्यांचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र त्यात छापलेले आहे. आपल्या परिसरातील झाडांचे ज्ञान आपल्याच माणसांपाशी किती होते, याचा हा पुरावा मानता येईल.

मेंदी, धायटी व डाळिंब ही तामणाच्याच कुळातील झाडे होत. गोव्याच्या रानात आढळणारा नाणा हा तर त्याचा सख्खा भाऊ. त्याची साल अधिक फिकी व गुळगुळीत असते आणि फुले लहान, पांढरी असतात. रोप विकत घेताना या दोहोंत गल्लत होऊ नये.

जागेची निवड

तामणाला दिवसभर ऊन हवे. माडांच्या दाट सावलीत किंवा दोन घरांच्या बोळात लावल्यास ते उंच व किरकोळ वाढते आणि फुलत नाही. जमीन कोणतीही चालते. नदीकाठच्या गाळाच्या मातीत ते उत्तम वाढते, आणि पावसाळ्यात काही दिवस पाणी साचणाऱ्या, इतर झाडे जिथे कुजतात अशा सखल कोपऱ्यातही ते तग धरते. जांभ्या दगडाच्या कातळावर मात्र खड्डा मोठा खणावा लागतो. खाऱ्या पाण्याचा शिरकाव होणारी जागा टाळावी.

अंतराविषयी पुढील बाबी कटाक्षाने पाळाव्यात.

१. घराच्या भिंतीपासून किमान पाच मीटर अंतर ठेवावे. तामणाची मुळे गुलमोहराइतकी उपद्रवी नसली तरी कोणताही वृक्ष पायाला खेटून लावणे शहाणपणाचे नव्हे.

२. विहीर, शौचालयाची टाकी व जमिनीखालील नळ यांपासून तेवढेच अंतर असावे.

३. विजेच्या तारांखाली हे झाड मुळीच लावू नये. आज कमरेइतके असलेले रोप दहा वर्षांत तारेला भिडते, आणि मग दर पावसाळ्यापूर्वी त्याचा माथा छाटला जातो. असे झाड ना सावली देते ना फूल.

४. एकाहून अधिक झाडे लावायची असल्यास दोहोंत सहा ते आठ मीटर अंतर सोडावे.

५. शेजाऱ्याच्या हद्दीपासून फांद्यांच्या पसाऱ्याइतकी जागा राखावी. पानगळीवरून उद्भवणारे तंटे यामुळे टळतात.

ज्या परसात एवढी मोकळीक नसेल तिथे तामणाचा आग्रह धरू नये. त्याच वंशातील सावनी हे झुडूपवजा झाड दोन-तीन मीटर जागेत मावते व पावसाळ्यात गुलाबी, जांभळ्या वा पांढऱ्या फुलांनी भरून जाते. लहान अंगणासाठी ते अधिक उचित.

रोपे तयार करणे

वनखात्याच्या रोपवाटिकांत तामणाची रोपे मिळू शकतात. घरीच रोपे करावयाची असल्यास बोंडे तपकिरी होऊन उकलू लागण्याच्या बेतात, म्हणजे साधारणतः पौष-माघात, झाडावरूनच उतरवून घ्यावीत. एकदा ती पुरती उकलली की बी उडून जाते व हाती टरफले तेवढी राहतात. बोंडे सुपात किंवा कापडावर पसरून वारा नसलेल्या उन्हात वाळवावीत. बी आपोआप सुटते.

पेरणीपूर्वी बी रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे. बारीक माती, वाळू व चाळलेले शेणखत समभाग घेऊन गादीवाफा किंवा पसरट कुंडी भरावी, बी पातळ पेरून त्यावर मातीचा अगदी हलका थर द्यावा व झारीने पाणी घालावे. खोल पेरलेले बी उगवत नाही. उगवण दोन ते सहा आठवड्यांत, मागेपुढे होते. सर्वच बी रुजेल अशी अपेक्षा ठेवू नये. गरजेच्या कितीतरी पट अधिक पेरावे. रोपे बोटभर उंच झाली की ती पिशव्यांत हलवावीत. पहिल्याच पावसाळ्यात ती लावता येतात. तथापि वर्षभर पिशवीत वाढवून कमरेएवढी केलेली रोपे गुरे, गवत व उन्हाळा यांपुढे अधिक टिकाव धरतात.

बियांपासून केलेल्या रोपांत फुलांचा रंग मातृवृक्षासारखाच येईल याची हमी नसते. विशिष्ट रंगाचे झाड हवे असेल तर त्या झाडाची छाट कलमे किंवा गुटी कलमे पावसाळ्यात करावीत.

खड्डा व लागवड

दोन फूट लांब, तितकाच रुंद व खोल असा खड्डा मे महिन्यातच खणून उन्हाने तापू द्यावा. कातळवट जमिनीत तो तीन फुटांचा करावा. खणताना वरची माती एका बाजूस व खालची दुसऱ्या बाजूस ठेवावी. पावसाच्या प्रारंभी वरची माती, दोन टोपल्या चांगले कुजलेले शेणखत व कुजलेला पालापाचोळा एकत्र करून खड्डा भरावा. वाळवीचा उपद्रव असणाऱ्या जागी त्यात किलोभर निंबोळी पेंड मिसळावी. ताजे शेण घालू नये. त्याची उष्णता मुळांस बाधते आणि वाळवीलाही आमंत्रण मिळते.

गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो बहुतांशी चार महिन्यांतच. म्हणून पाऊस स्थिरावताच, जूनच्या उत्तरार्धात किंवा जुलैच्या आरंभी लागवड केल्यास रोपाला मुळे पसरण्यास पुरेसा अवधी मिळतो. १९५० साली सुरू झालेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात साजरा होतो, तो याच कारणाने.

पिशवी कापून काढावी, ओढून नव्हे. मातीचा गड्डा फुटता कामा नये. पिशवीत रोप फार दिवस राहिले असल्यास मुळे तळाशी वेटोळे घालून बसलेली आढळतात. ती वेटोळी कात्रीने कापून टाकावीत. हे न केल्यास मुळे पुढेही गोल-गोलच वाढतात, आणि वरून धडधाकट दिसणारे झाड दहा-पंधरा वर्षांनी पहिल्या मोठ्या वाऱ्यात उन्मळून पडते. रोप पिशवीत होते तितक्याच खोलीवर लावून माती पायाने दाबावी, बुंध्याशी किंचित उंचवटा ठेवावा व आधाराला काठी द्यावी.

पहिली दोन वर्षे

वनमहोत्सवात लावलेली रोपे पुढच्या वनमहोत्सवापर्यंत का टिकत नाहीत, हा प्रश्न पंचायतींच्या बैठकांत वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर पावसाळ्यात नव्हे, फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत दडलेले आहे. पाऊस संपल्यावर माणसाचे लक्ष उडते, आणि रोपाच्या जीवनमरणाचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो.

पहिल्या दोन उन्हाळ्यांत रोपाला दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक बादली पाणी सावकाश मुरेल असे घालावे. रोज तांब्याभर पाणी शिंपडण्याने माती केवळ वरवर भिजते, मुळे वरच्या थरातच राहतात व झाड कमजोर होते. तांदूळ-भाजी धुतलेले पाणी यासाठी उपयोगात आणता येते. नारळाची सोडणे पालथी घालून किंवा वाळलेला पाला पसरून आळे झाकावे, म्हणजे ओलावा टिकतो. हे आच्छादन बुंध्याला चिकटू देऊ नये. कोवळ्या रोपाला गुरांपासून जपण्यासाठी बांबूचे वा काटेरी कुंपण अवश्य करावे. वर्षातून एकदा, पावसाच्या आरंभी, टोपलीभर शेणखत द्यावे. रासायनिक खतांची विशेष गरज भासत नाही. नत्र अधिक झाल्यास पाने माजतात व फुले कमी येतात.

अशी निगा राखल्यास साधारणपणे चौथ्या-पाचव्या वर्षापासून तुरे दिसू लागतात. त्यानंतर झाड फारशी सेवा मागत नाही.

छाटणी

पहिली तीन-चार वर्षे मुख्य खोडाचा शेंडा तोडू नये. खालच्या बाजूच्या फांद्या दरवर्षी थोड्या-थोड्या काढीत जाऊन डोक्याच्या वरून माथा सुरू होईल असे वळण लावावे. एकाच जागेतून दोन सारख्या जोराचे शेंडे फुटल्यास एक काढून टाकावा, कारण अशा जोडात पुढे चीर जाते.

छाटणीच्या वेळेबाबत एक तत्त्व लक्षात ठेवले की पुरे. तामणाला फुले येतात ती नव्या फुटव्याच्या टोकावर. पाने गळून झाड उघडे असताना, जानेवारी-फेब्रुवारीत, हलकी छाटणी केल्यास जोमदार फुटवे येऊन तुरे मोठे होतात. हीच छाटणी पावसाळ्यापूर्वीची साफसफाई म्हणून एप्रिल-मेमध्ये केली, तर त्या वर्षीची फुलेच कापली जातात. आमचे झाड फुलत नाही, अशी तक्रार करणाऱ्यांनी प्रथम कोयता कोणत्या महिन्यात चालला याची चौकशी करावी.

रोग व किडी फार नाहीत. कोवळ्या पानांवर मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास पाण्याचा जोरदार फवारा मारावा किंवा निंबोळी अर्क फवारावा. वाळवीची मातीची रेघ बुंध्यावर चढताना दिसली तर ती लगेच खरवडून काढावी.

घाटापलीकडील वाचकांसाठी

बेळगाव परिसरात तामण चांगले वाढते. इंदूर, बडोदे, हैदराबाद यांसारख्या कमी पावसाच्या ठिकाणी मात्र त्याला दोन नव्हे, चार उन्हाळे पाणी द्यावे लागते व वाढ बेताची राहते. ग्वाल्हेरकडे कडाक्याच्या थंडीत कोवळ्या रोपाचे शेंडे जळण्याचा संभव असतो. तेथे पहिले दोन हिवाळे रोपावर गवताचा आडोसा करावा.

उपयोग व कायदा

तामणाचे लाकूड तांबूस, कठीण व पाण्यात दीर्घकाळ टिकणारे आहे. होड्या, गाड्या व खांब यांसाठी त्याचा वापर होत आला, आणि बंगाल-आसामात तर सागाच्या खालोखाल त्याला मान मिळाला. फुलांवर भुंगे व मधमाश्या परागासाठी गर्दी करतात. परसातील भोपळा, कारली व दोडकी यांच्या फळधारणेलाही त्यांचा हातभार लागतो. फिलिपाईन्समध्ये या झाडाच्या पानांचा काढा मधुमेहावर घेण्याची चाल आहे व त्यावर संशोधनही झाले आहे. तथापि चालू औषध बंद करून असा काढा घेणे धोक्याचे असून वैद्यकीय सल्ल्याविना कोणीही तो प्रयोग करू नये.

झाड आपल्या जागेत, आपल्या हाताने लावलेले असले तरी ते वाटेल तेव्हा तोडता येते, हा समज चुकीचा आहे. गोवा, दमण व दीव वृक्ष संरक्षण कायदा, १९८४ अन्वये खाजगी जमिनीवरील वृक्ष तोडण्यासही वृक्ष अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी आवश्यक असते. कर्नाटकात १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. या तरतुदीकडे जाच म्हणून न पाहता, जागेची निवड काळजीपूर्वक करण्याची ती एक सूचनाच समजावी. योग्य अंतरावर लावलेले झाड तोडण्याची वेळ क्वचितच येते.

शाळेच्या आवारात

प्राथमिक व माध्यमिक शिक्षकांना तामण हे एक आयते पाठ्यसाधन आहे. सहा पाकळ्या, निदलपुंजाचे सहा दाते व सहा भागांत उकलणारे बोंड यांतून फुलाची रचना मुलांना सहज समजावून देता येते. वाऱ्यावर जाणाऱ्या बियांसाठी उकलते बोंड हातात दिले की निराळ्या चित्राची गरज उरत नाही. पाने कधी तांबडी झाली, शेवटचे पान कधी गळले, पहिली पालवी व पहिले फूल कोणत्या तारखेस दिसले, या नोंदी एका वहीत वर्षानुवर्षे ठेवल्या तर गावच्या हवामानाचा एक छोटा दप्तरखानाच शाळेत तयार होईल. मे महिन्याच्या सुट्टीत रोपांना पाणी कोण घालणार, याची पाळी मात्र एप्रिलमध्येच लावून ठेवणे अगत्याचे आहे.

समारोप

तामणापासून खाण्याजोगे फळ मिळत नाही, त्याची फुले वेणीत टिकत नाहीत. अशा झाडासाठी परसातील पाच मीटर जागा का सोडावी, असा प्रश्न व्यवहारी गृहस्थ विचारील, आणि तो गैर नाही. याला उत्तर एवढेच की, ऐन वैशाखात, जमीन तापलेली व विहिरीचे पाणी खाली गेलेले असताना हा वृक्ष भर उन्हात फुलतो, त्याच्याखाली सावली असते, आणि ही सावली व हे फूल आपल्यामागून त्या घरात राहणाऱ्या दोन पिढ्यांना विनासायास मिळत राहते. येत्या मे महिन्यात जागा मोजून खड्डा खणावा, जुलैत रोप लावावे व पुढील दोन उन्हाळे त्याला विसरू नये. तामणाला याहून अधिक काही लागत नाही.